चोवीस महिन्यांना टाळ्या

गेल्या श्रावणात एका रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून तीन बिल्डरांनी पुनर्विकासाचे प्रस्ताव मांडले. कोथरूडमधली चाळीस बिऱ्हाडांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत. पहिला बिल्डर म्हणाला, काम पुरं व्हायला ३६ महिने लागतील. कोणी काही बोललं नाही. दुसरा म्हणाला ३०. थोडी कुजबुज झाली. तिसऱ्याने पडद्यावर गच्चीवरच्या बागेचं चित्र लावलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "चोवीस महिन्यांत चाव्या तुमच्या हातात." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या काकूंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तीस वर्षं साइटवर काढलेला माणूस आहे मी. असे चोवीस महिन्यांचे बार चार्ट, म्हणजे कामाच्या वेळापत्रकाचे तक्ते, मी स्वतः काढून दिलेत, रंगीत पट्ट्यांसकट. "साहेब, सध्या चोवीस टाका, पुढचं पुढे बघू" हे वाक्य ज्याच्या कानावरून गेलं नाही असा साइट इंजिनीअर मला अजून भेटायचाय. इमारतीचा उशीर ज्या दिवशी तारीख लिहिली जाते त्याच दिवशी ठरून जातो, असं माझं मत आहे. पाऊस, मजूर, महापालिका ही नंतर सांगायला ठेवलेली कारणं असतात, आणि ती कारणं तारीख लिहिणाऱ्याला त्या दिवशीही तोंडपाठ असतात.

पावसाचंच घ्या. चोवीस महिने कुठूनही मोजा, त्यात दोन पावसाळे येणारच. जून ते सप्टेंबर धरले तर आठ महिने झाले. स्लॅब वर चढलेले असले तर पावसात आतलं वीटकाम, प्लास्टर, वायरिंग चालू राहतं, फारसं अडत नाही. अडतं ते जमिनीखाली. खड्डा उघडा असताना पाऊस आला की दिवसरात्र पंप लावा, ढासळलेली माती पुन्हा उपसा, फुटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या पायाच्या, तळाचा चिखल खरवडून काढा. म्हणजे पावसाचं नुकसान किती होणार हे पाऊस किती पडतो यापेक्षा खड्डा कधी उघडतो यावर ठरतं. जुनी इमारत दिवाळीनंतर पाडली, जानेवारी-फेब्रुवारीत खोदलं, तर मे संपायच्या आत काम जोत्याच्या वर येतं आणि पहिला पावसाळा जवळजवळ फुकटात निघून जातो. तेच मेअखेर घरं रिकामी केली, की पाडकाम जूनमध्ये आणि खड्डा ऐन जुलैत.

आणि घरं कधी रिकामी होतात? मुलांच्या परीक्षा संपल्यावर. शाळेच्या वेळापत्रकावर घरं सोडायची आणि मग पावसाला दोष द्यायचा, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

यात फक्त महिने जातात असंही नाही. जून २०१९ च्या अखेरीस कोंढव्यात बांधकामाच्या खड्ड्यालगतची सोसायटीची सीमाभिंत रात्री मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले. खोल खोदाई, शेजारची भिंत आणि पहिला मोठा पाऊस यांची गाठ पडली की काय होतं, हे बांधकामातल्या कुणालाही नव्याने सांगायला नको होतं.

जमिनीखालच्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल माझाच अनुभव सांगतो. गाव आणि मालक कोण ते जाऊ द्या. प्लॉट साधारण वीस गुंठ्यांचा. मालकाने जमीन तपासायला तीन बोअर मारायला परवानगी दिली. आम्ही आठ मागितले होते. तिन्हींमध्ये दोन-अडीच मीटरवर मुरूम, खाली काळा कातळ. सगळे खूश. प्रत्यक्ष खोदाईत पोकलेनचं बकेट एका जागी खणायला गेलं ते भसकन खालीच गेलं. विटांचे तुकडे, कौलं, फाटकी चप्पल, निळा प्लास्टिकचा मग. जुनी विहीर होती, कुणीतरी कधीतरी राडारोडा टाकून बुजवलेली, आणि आमच्या तीन बोअरच्या बरोब्बर मधोमध. शेजारच्या वाड्यातले आजोबा कुंपणाशी येऊन म्हणाले, "अहो, हिचं पाणी आम्ही प्यायलोय. विचारायचंत की." विहीर साफ करणं, आरसीसी सल्लागाराकडून नवं डिझाइन, सुधारित नकाशे, यात साडेतीन महिने गेले. वाचवलेल्या पाच बोअरचा खर्च त्या काळातल्या एका आठवड्याच्या व्याजाइतकाही नव्हता. मालकाने ग्राहकांना पत्र पाठवलं त्यात शब्द होते 'अनपेक्षित भूगर्भीय परिस्थिती'. मसुदा मीच केला होता.

'अनपेक्षित' हा शब्द आमच्या धंद्यात फार स्वस्त आहे. छठला आणि होळीला बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर गावी जातात आणि दहा दिवसांची रजा महिन्याची होते, हे दरवर्षी घडतं. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद असतो, दगडखाणी आणि क्रशर अधूनमधून थंडावतात. दिवाळीच्या आधी ठेकेदार पैशांसाठी अडून बसतो. हे सगळं कॅलेंडरवर लिहिता येईल इतकं ठरलेलं आहे.

तरी चार्ट चुकतात, आणि दर वेळी लबाडीनेच चुकतात असं नाही. साधं गणित आहे, पण ते मनाला पटत नाही. समजा, पाच गोष्टी वेळेत झाल्या तरच तारीख साधते: परवानगी, पाडकाम, खोदाई, सांगाडा आणि शेवटचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी. प्रत्येक गोष्ट वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के धरा. आमच्याकडे ही उदारताच म्हणायची. पाचही वेळेत होण्याची शक्यता मग ३३ टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्येक पट्टी एकेकटी पाहिली तर बरोबर असते, सगळ्या मिळून खोट्या पडतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीला नाव दिलं: आपल्या कामाचा अंदाज बांधताना आपण आपल्याच कामाच्या तपशिलात रमतो आणि तशाच दुसऱ्या कामांना किती वेळ लागला ते विचारत नाही. आमच्या सभेत कुणीही त्या तिसऱ्या बिल्डरला विचारलं नाही, "तुमच्या मागच्या चार इमारतींना किती महिने लागले?" हे शोधायला महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पंधरा मिनिटं पुरतात. आधी जाहीर केलेली तारीख आणि नंतर वाढवलेली तारीख, दोन्ही तिथे असतात.

उशीर झाल्यावर जे होतं ते आणखी वाईट. मागे पडलेलं काम भरून काढायला एकच जागा उरते, ती म्हणजे सेंट्रिंग, ओल्या काँक्रीटला धरून ठेवणारे साचे आणि टेकू. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस ठेवा, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. सहा मीटरहून लांब बीमखाली २१ दिवस. मॅनेजर रोज संध्याकाळी फोन करून "पुढचा स्लॅब कधी?" विचारत असतो तेव्हा मुकादम हे आकडे विसरतो, आणि इंजिनीअर दुसरीकडे बघतो. तारखेचा हट्ट शेवटी काँक्रीटमध्ये जाऊन बसतो.

आता परवानग्यांकडे येऊ, कारण बिल्डरांना या विषयावर बोलतं करावं लागत नाही. मुंबईत बांधकामाच्या पहिल्या परवानगीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'नामंजुरीची सूचना' असा होतो. इतक्या अटी लावून होकार दिलेला असतो की त्याला नकार म्हणणंच सोपं पडलं असावं. मग अग्निशमन, वृक्ष, विमानतळाच्या हद्दीतली उंची, जोत्यापर्यंतचं प्रारंभ प्रमाणपत्र, जोतं तपासल्यावर पुढचं, शेवटी लिफ्टचा परवाना, ड्रेनेज, पाणी आणि भोगवटा. यातली बरीचशी गरजेचीच आहेत. अग्निशमनाच्या तपासणीवर कुरकुर करणाऱ्या बिल्डरबद्दल मला सहानुभूती नाही. पण एक गोष्ट खटकते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये लिहिलंय की नियमांत बसणाऱ्या प्रस्तावावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जाईल. आयुष्यात मी एकही माणूस पाहिला नाही ज्याने या मानीव परवानगीवर कुदळ मारली. बँक त्यावर कर्ज देत नाही, वकील सल्ला देत नाही, आणि पुढचं प्रमाणपत्र त्याच खिडकीवर मागायचं असतं. हक्क कागदावर आहे, वापरण्याची सोय नाही.

फाइल टेबलावर राहिल्याने चार महिने गेले तर त्याची झळ बिल्डरला व्याजातून, ग्राहकाला घरभाड्यातून आणि मजुराला बसून राहण्यातून लागते. टेबलाला लागत नाही. ज्याच्या हातात धोका टाळणं आहे त्याच्याच खिशाला तो लागला पाहिजे. जगभरच्या बांधकाम करारांचं हे जुनं तत्त्व आहे. मग साधी सुधारणा का होऊ नये? महापालिका बिल्डरकडून प्रीमियम आणि शुल्कांचे मोठे हप्ते घेते. मुदतीपलीकडे फाइल अडली तर तेवढ्या काळाचं व्याज पुढच्या हप्त्यातून वळतं करा. कुणाला तुरुंगात घालायला नको. लेखापरीक्षणात तो आकडा दिसायला लागला की फायली आपोआप हलतील.

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आलेल्या रेरा कायद्याने काहीच केलं नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. २०१७ च्या मेपासून महारेराचं काम सुरू झालं त्याआधी उशिराचं सगळ्यात मोठं कारण पाऊसही नव्हता आणि फाइलही नव्हती. एका प्रकल्पाच्या ग्राहकांचे पैसे उचलून दुसरीकडची जमीन घेणं, हे होतं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि आर्किटेक्ट, इंजिनीअर, सीए यांच्या दाखल्यावर कामाच्या प्रमाणातच काढायचे, या एका अटीने तो धोका बराच आवळला गेला. उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क कलम १८ ने दिला. कलम ६ ने सबबींची यादीही आखून दिली: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गाची तशीच आपत्ती. त्यात 'मजूर गावी गेले' नाही. 'विहीर लागली' नाही.

पण महाराष्ट्राच्या नियमांतला नमुना करारनामा उघडून पाहा. तिथे सबबींच्या कलमात सरकारची किंवा कुठल्याही सक्षम प्राधिकरणाची, न्यायालयाची सूचना, आदेश, नियम असं एक लांबलचक शेपूट जोडलेलं आहे. कायद्याने दार जेवढं किलकिलं ठेवलं त्याहून मोठी खिडकी नमुन्याने उघडून दिली.

शिवाय जाहिरात बघा. पुण्यात हल्ली ताबा मिळण्याच्या दोन तारखा छापतात. मोठ्या अक्षरात 'टार्गेट पझेशन', खाली बारीक अक्षरात 'रेरा पझेशन', वर्ष-दीड वर्षाने पुढची. लोकांना यात फसवणूक दिसते. मला कबुली दिसते. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे बिल्डरने स्वतः काढलेला धोक्याचा अंदाज. म्हणजे त्याला तो काढता येतो! कायद्याच्या भीतीने रेराला तो खरं सांगतो, आणि विक्रीच्या केबिनमध्ये आपल्याला आवडेल ते सांगतो, कारण आपण टाळ्या त्यालाच वाजवतो.

पुनर्विकासात तर आपण आणखी उघड्यावर असतो. रेराची ढाल मुख्यतः नव्याने फ्लॅट विकत घेणाऱ्यासाठी आहे. घर सोडून भाड्याने गेलेला जुना सभासद बहुतेक वेळा त्या व्याख्येत बसत नाही. त्याच्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचे शासनाचे निर्देश आहेत. २००९ च्या निर्देशात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी आणि दोन वर्षांत, अपवाद म्हणून तीन वर्षांत काम पुरं करणं असं म्हटलं होतं. दोन वर्षांचा आकडा शासनानेच लिहून ठेवल्यावर बिल्डरने चोवीस महिने म्हणण्यात नवल ते काय! आणि बँक हमीचं वाटाघाटीत काय होतं ते कमिटीत बसलेल्यांनाच माहीत: "हमी मागाल तर क्षेत्र कमी होईल."

गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारावर विश्वास ठेवून घरं सोडली. पुढे बिल्डरकडून मिळणारं भाडं थांबलं, काम थांबलं, प्रकरण न्यायालयात आणि तपास यंत्रणांकडे गेलं, २०१८ मध्ये म्हाडाने प्रकल्प हातात घेतला. तेव्हा दहा वर्षं उलटली होती. दर बिल्डर तसा नसतो, हे मान्य. पण त्या चाळीतल्या कुणालाही सही करताना हा धोका मोजून दाखवला गेला नव्हता, आणि तो पेलण्याची ताकद सगळ्यांत कमी त्यांचीच होती. सरकारी हातातही वेग असतोच असं नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये.

आता जे लिहितोय ते आमच्या सोसायटीतल्या काहींना आवडणार नाही. उशिराला आपलाही हात लागतो. तीन बिल्डरांना एकमेकांवर घालून आपण नव्या घरातलं जादा क्षेत्र वाढवून घेतो, २५ टक्क्यांवरून ३०, तिथून ३४. कॉर्पस, म्हणजे बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी, वाढवतो, आणखी एक पार्किंग मागतो. हे वाढीव क्षेत्र येतं कुठून? अडीअडचणीसाठी ठेवलेल्या तरतुदीतून. कातळ लागला, सिमेंट-सळई महागली, विक्री थंडावली, तर जो पैसा काम चालू ठेवणार होता तो आपण आधीच चौरस फुटांत खाल्लेला असतो. मग सहावा स्लॅब पडल्यावर साइटवर चौकीदार आणि दोन कुत्री उरतात. आमच्या चाळीस घरांना महिना २५ हजार भाडं धरलं तरी दर महिन्याला दहा लाख होतात. दहा महिन्यांचा उशीर म्हणजे एक कोटी. मजल्यावरच्या गप्पांत चार टक्के जास्त क्षेत्र म्हणजे विजय असतो. हा कोटी त्या हिशोबात कुणी धरत नाही. जबर दंडाचं कलम घातलं की निश्चिंत, हा दुसरा भ्रम. बुडणाऱ्या बिल्डरला दररोजचा दंड लावून तो वर येत नाही, दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाकडे जातो.

मग मागायचं काय? मी कमिटीत सुचवलं की प्रत्येक बिल्डरकडून प्रस्तावाबरोबर 'काळजीची यादी' मागू. मोठ्या प्रकल्पांत तिला भारदस्त नाव आहे, पण असते ती एवढीच: काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती महिने जातील, ते बिघडू नये म्हणून आत्ता काय करणार, आणि झालंच तर खर्च कोणाचा. आमच्या प्लॉटच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचं नाव आहे. यादीतली पहिली ओळ तीच हवी, आणि ती निस्तरणं आमचं काम, बिल्डरचं नव्हे. बोअर किमान दहा, करारावर सही होण्याआधी, खर्च निम्मा-निम्मा. तारीख एक नको, दोन हव्यात: सगळं सुरळीत झालं तर ही, नेहमीसारखं झालं तर ही. दुसऱ्या तारखेपर्यंतच्या भाड्याची बँक हमी. आणि खड्डा जानेवारीत.

यावर आमच्या एका सभासदांनी, जे स्वतः कंपनीत प्रोजेक्ट बघायचे, रास्त शंका काढली. सहा महिने जास्त दिले की काम सहा महिने जास्त रेंगाळतं, हातात वेळ असला की माणूस सैलावतो. खरं आहे. म्हणून तो जादा वेळ प्रत्येक पट्टीत चिमूट-चिमूट लपवायचा नाही. तो शेवटी एकगठ्ठा ठेवायचा, उघड, आणि त्यातला प्रत्येक आठवडा आपल्या प्रकल्प सल्लागाराच्या सहीने, कारण लिहून खर्च करायचा. घरखर्चाचे पैसे आणि आजारपणासाठी ठेवलेले पैसे आपण एका डब्यात ठेवत नाही.

तिघांपैकी एकानेच यादी दिली, छत्तीस महिनेवाल्याने. दीड पान, हाताने लिहिलेलं, त्यात सतरा ओळी. नवव्या ओळीत लिहिलं होतं, 'दक्षिण बाजूची शेजारची भिंत जुनी आहे, खोदाईआधी आधार लागेल, त्यांची परवानगी मिळायला दोन महिने धरा.' म्हणजे हा माणूस येऊन, भिंतीपाशी उभा राहून गेला होता. सभेत कुणीतरी त्याला विचारलं, "म्हणजे छत्तीस नक्की ना?" तो म्हणाला, "चौतीस ते एक्केचाळीस." मागच्या रांगेत हशा पिकला.

मतदान झालं. चोवीस महिनेवाला सात मतांनी निवडून आला. दहा बोअर आणि भाड्याची हमी या दोन अटी मात्र त्याच्याकडून लिहून घेतल्यात. हमी वर्षाचीच आहे, पण आहे. घरं मेअखेर रिकामी करायची ठरलं आहे. तोवर परीक्षा संपलेल्या असतात.